मिन्स्कचे आकडे वाचताना

चि. मैत्रेयी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. बेलारूसमधल्या २०२० च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचा आणि तिच्याविरुद्धच्या निदर्शनांचा विषय घेतलास ते बरं केलंस. पण पहिल्याच पानावर राष्ट्राध्यक्षांबद्दल ‘जनतेला लुकाशेन्को नकोच होते’ असं ठणकावून लिहिलंयस आणि पुरावा म्हणून खाली मोर्च्याचा एक फोटो चिकटवलायस. त्या फोटोवरून आलेले किती होते तेही धड कळत नाही, मग घरी बसलेल्यांच्या मनातलं कुठून कळणार? तुझं म्हणणं खोटं आहे असं नाही, पण ते त्या फोटोतून निघत नाही.

आधी गर्दीचं बघ. १६ ऑगस्ट २०२० ला राजधानी मिन्स्कच्या ‘हीरो सिटी’ स्मारकापाशी जमलेल्या लोकांचे आकडे लाखाच्या पुढे कुठेही जातात. उभी गर्दी मोजायची तर नकाशावर जागेचं क्षेत्रफळ काढायचं, त्यातून झाडं, पायऱ्या, कारंजी वजा करायची आणि मग दाटी धरायची. लोक सहज फिरू शकत असतील तर चौरस मीटरला एक माणूस, खांद्याला खांदा लागत असेल तर दोन-अडीच. चार झाली की वाट काढता येत नाही. म्हणजे एक हेक्टर मैदान खच्चून भरलं तरी ४० हजार. फसगत होते ती फोटोमुळे. तो सगळ्यात दाट बाजूने काढलेला असतो आणि तीच दाटी पूर्ण मैदानाला लावली की आकडा दुप्पट फुगतो. वरून घेतलेला फोटो शोध, त्यावर चौकोन पाड, प्रत्येक चौकोनाची दाटी वेगळी धर.

चालत्या मोर्च्याला हा हिशोब लागत नाही. तिथे एका ठिकाणी उभं राहून मिनिटाला किती माणसं पुढे गेली ते मोजायचं. २० मीटर रुंद रस्ता, चौरस मीटरला एक माणूस आणि मिनिटाला ५० मीटर चाल धरली तर मिनिटाला हजार माणसं होतात. असा मोर्चा चार तास अखंड चालला तर २ लाख ४० हजार. कुणी दहा लाख म्हटलं की रस्त्याची रुंदी आणि वेळ विचारायची. हाँगकाँगच्या ९ जून २०१९ च्या सरकारविरोधी मोर्च्याला आयोजकांनी १० लाख ३० हजार सांगितले, पोलिसांनी २ लाख ४० हजार. यात पोलिसांचा आकडा एका वेळी रस्त्यावर असलेल्या सर्वाधिक गर्दीचा होता, आयोजकांचा दिवसभराचा. दोन्ही शेजारी मांडून ‘खरं मधेच कुठेतरी असेल’ म्हणणं हा आळस आहे. त्याच वर्षी १ जुलैच्या मोर्च्यात संशोधकांनी पादचारी पुलांवर आयपॅड लावून संगणकाकरवी मोजणी केली, वर मोर्चेकऱ्यांपैकी काहींना तुम्ही कुठून सामील झालात तेही विचारलं, कारण मधेच शिरणारे आणि मधूनच निघून जाणारे पुलाखालून जातच नाहीत. त्यांचा आकडा आला २ लाख ६५ हजार. आयोजक साडेपाच लाख म्हणत होते आणि पोलीस १ लाख ९० हजार.

हाँगकाँगमध्ये गर्दीचा ताळा घ्यायला मतपेटी तरी होती. २४ नोव्हेंबरच्या जिल्हा कौन्सिल निवडणुकीत ७१ टक्के मतदान झालं, लोकशाहीवाद्यांनी ४५२ पैकी ८५ टक्के जागा घेतल्या. मतं मात्र साधारण ५७ टक्के. चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक दुसऱ्या बाजूला होते आणि जागांच्या तक्त्यात ते दिसत नाहीत.

बेलारूसमध्ये हा ताळाच सरकारच्या हातात. ९ ऑगस्टचा अधिकृत निकाल असा की लुकाशेन्को ८० टक्के, विरोधी उमेदवार स्वियातलाना त्सिखानौस्काया १० टक्के. त्यातही एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणांनी आधीच्या पाच दिवसांच्या आगाऊ मतदानात मत दिलेलं. रात्री पेटीजवळ कुणी स्वतंत्र माणूस नाही, आणि निरीक्षकांना आत घेत नव्हते म्हणून ते केंद्राबाहेर उभं राहून आत जाणारी डोकी मोजत होते.

मतांची समांतर मोजणी करणाऱ्या ‘गोलोस’ या ऑनलाइन मंचाला तू दोन ओळींत उरकलंयस, आणि माझ्या मते तुझ्या लेखाचं काळीज तेच आहे. मोबाइल नंबरवरून टेलिग्राम किंवा व्हायबरवर नोंदणी करायची, मत कुणाला दिलं ते कळवायचं आणि जमलं तर मतपत्रिकेचा फोटो पाठवायचा. दहा लाखांहून जास्त लोक त्यात आले, पाच लाखांहून जास्त फोटो जमले. एकूण मतदार ६८ लाखांच्या आसपास, त्या मानाने हे प्रचंड आहे. फोटो काढता येऊ नयेत म्हणून केंद्रांमधले पडदे काढले गेले. विरोधी मतदार बाहेरून ओळखू यावेत म्हणून लोकांनी मनगटाला पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. पेटी पारदर्शक असेल तिथे मतपत्रिकेला पंख्यासारख्या घड्या घालून टाकायच्या, म्हणजे पेटीत किती तशा पडल्यात ते बाहेरून दिसावं.

आता या माहितीतून काय काढता येतं आणि काय नाही, ते नीट समजून घे. नोंदणी करणारे बहुतेक विरोधी मताचेच होते. त्यामुळे ‘गोलोसवर इतके टक्के, म्हणून देशात इतके टक्के’ हे साफ चूक. पण समज, एका केंद्रातल्या ७०० जणांनी फोटोसकट त्सिखानौस्काया कळवलं आणि दारावर लावलेल्या निकालपत्रकात त्यांना ३०० मतं दिसली, तर ते पत्रक खोटं आहे, मग बाकीच्या मतदारांनी काहीही करो. हा तळाचा आकडा आहे. सरासरी त्यातून निघत नाही, खोटेपणा मात्र सिद्ध होतो. सुमारे ५,७०० केंद्रांपैकी १,३१० केंद्रांच्या निकालपत्रकांचे फोटो हाती आले, आणि त्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्शात अशी विसंगती निघाली. आणखी एक बेरीज बघ. या १,३१० पत्रकांतच त्सिखानौस्काया यांना ४ लाख ७१ हजार मतं आहेत. पूर्ण देशातली त्यांची अधिकृत मतं ५ लाख ८८ हजार. म्हणजे उरलेल्या चार-साडेचार हजार केंद्रांत मिळून सव्वा लाखही नाहीत. पत्रकं जास्त करून शहरांतून आली हे धरलं तरी हा फरक पचत नाही. हा परिच्छेद मोठा कर, फोटो काढून टाक.

जनमत चाचण्यांचं प्रकरण वेगळं. बेलारूसमध्ये राजकीय चाचणी घ्यायला सरकारी मान्यता लागते. बातम्यांच्या संकेतस्थळांनी २०२० च्या वसंतात वाचकांचे कौल घेतले, त्यात लुकाशेन्कोंना तीन टक्के वगैरे मिळाले, ‘साशा (म्हणजे अलेक्झांडर लुकाशेन्को) तीन टक्के’ असं भिंतींवर आणि टी-शर्टांवर झळकलं आणि सरकारने ते कौल बंद पाडले. तू हे तीन टक्के तसेच्या तसे उचललेस! ज्याला वाटेल त्याने बटण दाबायचं, अशा कौलाला नमुना म्हणत नाहीत. मजा अशी की सरकारी समाजशास्त्र संस्थेच्याच पाहणीत मिन्स्कमधला राष्ट्राध्यक्षांवरचा विश्वास २४ टक्के आला होता आणि ती माहिती बाहेर फुटली. हुकूमशहांना जनमत हवंच असतं, फक्त ते इतरांना कळायला नको असतं. पूर्व जर्मनीत लाइपझिगची युवा संशोधन संस्था हेच काम करायची, निकाल कपाटात जायचे.

निवडणुकीनंतर लंडनच्या चॅटम हाउस या अभ्याससंस्थेने शहरी, इंटरनेट वापरणाऱ्या लोकांची ऑनलाइन पाहणी केली. त्यात निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी त्सिखानौस्काया यांना मत दिल्याचं सांगितलं, लुकाशेन्कोंना साधारण पाचव्या हिश्शाने. खेडी आणि म्हातारी माणसं यात नाहीत, म्हणजे लुकाशेन्कोंचा आकडा देशभर थोडा वर जाईल. तरी ८० होत नाही आणि तीनही होत नाही. पाचात एक माणूस मनापासून त्यांच्या बाजूचा होता, हे तुझ्या लेखात कुठेच नाही.

‘घाबरलेली माणसं खरं बोलतात का?’ असं तू समासात लिहिलंयस. यासाठी यादीची रीत आहे. अर्ध्या लोकांना चार पुढाऱ्यांची नावं द्यायची आणि यातल्या किती जणांना तुमचा पाठिंबा आहे तो फक्त आकडा विचारायचा. उरलेल्यांना तीच चार आणि पाचवं नाव सत्ताधाऱ्याचं. पहिल्या गटाची सरासरी १.२ आणि दुसऱ्याची १.७ आली, तर सत्ताधाऱ्याचा पाठिंबा ५० टक्के. अडचण अशी की दुसऱ्या गटात ‘शून्य’ म्हणणारा उघडा पडतो, म्हणून यादीत एक तरी सर्वांना आवडणारं नाव लागतं. आणि हजार जणांवर थेट प्रश्नाला तीन टक्के इकडे-तिकडे होतात, तिथे या रीतीत बारा. २०१५ मध्ये रशियात पुतिन यांच्याबाबत ही रीत वापरली. ऐंशीच्या वरचा आकडा सहा ते नऊ टक्क्यांनीच उतरला. पण ज्यांच्याबद्दल बोलायला भीती नाही अशा नेत्यांची नावं घातली तरी आकडे उतरू शकतात, म्हणजे त्या घसरणीतला काही भाग भीतीचा नसून रीतीचाच असू शकतो. माझं मत विचारशील तर माणसं खोटं बोलण्यापेक्षा फोनच ठेवून देतात. म्हणून किती जणांनी नकार दिला हा आकडा आधी माग. तो नसेल तर ती पाहणी तळटीपेत टाक.

हिवाळ्यात मोर्चे आटले याचा अर्थ तू ‘लोक थकले’ असा लावलायस. नोव्हेंबरअखेर अटक झालेल्यांचा आकडा ३० हजारांवर गेला होता. पंधरा दिवसांची कोठडी नेहमीची झाली, त्यापुढे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवल्याचं फौजदारी कलम ३४२, आणि विरोधकांच्या झेंड्याच्या रंगांचे, पांढरे-लाल-पांढरे मोजे घातले म्हणूनही माणसं उचलली गेली. डिसेंबरमध्ये बर्लिनच्या ‘झॉइस’ संस्थेच्या पाहणीत सुमारे १४ टक्के शहरी लोकांनी आपण निदर्शनांना गेल्याचं सांगितलं. मोकळा रस्ता बघून बाहेर पडण्याची किंमत किती वाढली ते कळतं, मत बदललं की नाही ते नाही. ती दोन वाक्यं काढ.

परिशिष्टातल्या मुलाखतींबद्दल. नावं बदललीस, पण ‘ग्रोद्नो, वैद्यकीय, तिसरं वर्ष, वडील खतकारखान्यात’ एवढ्यावरून माणूस तासाभरात सापडेल, आणि वडील अजून तिथेच आहेत. शहर आणि कारखाना दोन्ही काढ, वर्षाऐवजी ‘विद्यार्थिनी’ पुरे. ध्वनिमुद्रण उतरवून झालं की पुसून टाक, क्लाउडवरची प्रतसुद्धा.

पान ६ वरच्या तक्त्यात काही टक्के एकूण मतदारांचे आहेत, काही मतदान केलेल्यांचे आणि काही पाहणीत उत्तर दिलेल्यांचे. पाया वेगळा असलेले आकडे एकाखाली एक ठेवू नकोस. तक्ता नव्याने करून आधी तेवढाच पाठव, बाकी नंतर बघू.

तुझी,
आई