वाक्य मन्रोचं नव्हे, उलरिकबाईंचं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या महिला दिन पुरवणीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य होतं : ‘सभ्य वागणाऱ्या स्त्रिया क्वचितच इतिहास घडवतात.’ खाली नाव मेरिलिन मन्रोचं, शेजारी बुलेटवर बसलेल्या मुलीचं चित्र. हे वाक्य मन्रोचं नाही. ते अमेरिकी इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिक यांच्या १९७६ सालच्या एका अभ्यासलेखातलं आहे. नावाची चूक एक वेळ चालून गेली असती, पण अर्थच उलटा झाला म्हणून हे पत्र.

तो लेख अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या ख्रिस्ती पंथाच्या, धर्मोपदेशकांच्या लिखाणाबद्दल होता. बायका वारल्यावर हे उपदेशक त्यांचे गुण गात : देवभीरू, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतिहासकारांनी मात्र अशा बायकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ही उलरिक यांची तक्रार. तेव्हा मराठीत ‘घडवतात’ हे क्रियापदच घात करतं. ‘सरळमार्गी बायकांना इतिहासात जागा मिळत नाही’ असं म्हटलं की बाईंचं दुखणं कळतं. १९९०च्या दशकात ते वाक्य टी-शर्टवर आणि कपांवर चढलं, आणि ‘बिनधास्त वागा’ एवढाच त्याचा अर्थ उरला. बाईंनी ते खिलाडूपणे घेतलं. २००७ मध्ये त्याच वाक्याच्या नावाने पुस्तकही लिहिलं.

पण त्यांचं खरं उत्तर त्याआधीच, १९९० मध्ये, एका पुस्तकातून आलं होतं. अमेरिकेच्या मेन प्रांतातल्या हॅलोवेल गावची मार्था बॅलर्ड ही सुईण १७८५ पासून १८१२ पर्यंत रोजनिशी लिहीत होती. जवळपास १० हजार दिवसांच्या नोंदी आणि त्यात ८१६ बाळंतपणं. आज हवा कशी होती, केनेबेक नदी ओलांडून कुणाकडे गेले, किती शिलिंग मिळाले, मागावर काय विणलं, परसात काय लावलं, अशा दोन-चार ओळी रोज. १८७० साली शेजारच्या ऑगस्टा शहराचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांनी रोजनिशी चाळली आणि त्यात लोकांना रस वाटण्याजोगं फारसं काही नाही, असा शेरा मारला. गंमत म्हणजे १९७०च्या दशकातल्या सुइणींच्या एका स्त्रीवादी इतिहासानेही तिला घरकामाच्या किरकोळ तपशिलांची वही ठरवलं!

उलरिक यांनी त्याच किरकोळ नोंदी मोजल्या आणि कोर्टाच्या कागदांशी, डॉक्टरांच्या वह्यांशी ताडून पाहिल्या. तेव्हा एक अख्खं गाव उभं राहिलं. मुली घरी होत्या, माग सांभाळत होत्या, म्हणून मार्थाला रात्री-अपरात्री बाहेर पडता येत होतं. मुली सासरी गेल्या आणि घराचा भार पुन्हा तिच्यावर आला. पुरुषांच्या हिशेबवह्यांत जिचा मागमूस नाही अशी बायकांची देवघेवही त्यातच सापडली. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला ऐन कळांत बापाचं नाव विचारायची तिथे रीत होती, कारण त्या क्षणी बाई खोटं बोलत नाही असं कायदा मानायचा. १७९१ मध्ये सॅली पियर्सने मार्थाच्याच मुलाचं, जोनाथनचं नाव घेतलं. मार्थाने ते लिहून ठेवलं. पुढे दोघांचं लग्न झालं.

शेवटचं बाळंतपण तिने एप्रिल १८१२ मध्ये केलं, वयाच्या ७७व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात ती गेली. रोजनिशी लेकीकडे राहिली, मग लेकीच्या लेकींकडे, आणि १८८४ मध्ये खापरपणतीच्या हाती आली. ती त्याच वर्षी डॉक्टर झाली होती! १९३० मध्ये तिनेच ती मेनच्या सरकारी ग्रंथालयाला दिली.

उलरिक यांच्या या पुस्तकाला १९९१ साली इतिहासाचं पुलित्झर मिळालं. मार्थाइतकी ‘सभ्य’ बाई शोधून सापडायची नाही, आणि तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचं वाक्य आपण बुलेटवाल्या मुलीशेजारी छापलंत. मला बुलेटचं वावडं नाही, माझी सून चालवते. पण पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा नावाबरोबर क्रियापदही बदलावं, आणि चित्राला जागा उरलीच तर अंधारात घोड्यावरून बाळंतिणीकडे निघालेली सुईण काढावी.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा