रविवारी फोनवर अर्धवट राहिलेलं

आई, बाबा,

रविवारी बाबांनी विचारलं की एवढी वर्षं त्या कोरकू भाषेच्या व्याकरणात घालवून शेवटी हाती काय लागणार, मला धड सांगता आलं नाही, रेंज पण सारखी जात होती, म्हणून लिहितेय.

बाबा, आठवीत तुम्ही माझ्याकडून रामः रामौ रामाः घोकून घ्यायचात आणि मी भांडायचे की मधलं रामौ कशाला पाहिजे, मराठीत कुठंय ते? खरंच नाहीये, संस्कृतातलं द्विवचन प्राकृतातच गळून गेलं. पण इथे मेळघाटात द्विवचन रोजच्या बोलण्यात आहे, आणि ते संस्कृतातून आलेलं नाही, कोरकूचं स्वतःचं आहे. कोरो म्हणजे माणूस, दोन माणसं कोरोकिंग, जास्त असली की कोरोकू. इथल्या लोकांचं कोरकू हे नावच त्यावरून पडलंय. तिकडे झारखंडात संथाली भाषेत पण दोघांना ‘किन’ लागतं. मधे हजारेक किलोमीटर, शेजार नाही, येणंजाणं नाही, तरी प्रत्यय तोच, म्हणजे दोन्ही भाषांना तो एकाच आजीकडून, एकाच जुन्या मूळ भाषेकडून मिळालाय. दोनला कोरकूत बारी, संथालीत बार आणि पार कंबोडियात ख्मेर भाषेत लिहिताना पीर! १९०३ मध्ये जॉन ड्रेक यांनी कोरकूचं व्याकरण छापलं होतं, त्यातलं एकेक रूप मी आजच्या म्हाताऱ्या माणसांच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघते. कधी एका प्रत्ययात आठवडा जातो, पण कंटाळा नाही येत, खरंच.

तर गेल्या आठवड्यात धारणीजवळच्या एका गावात एक आजी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. घरी कोण असतं विचारलं, मी म्हटलं आई-बाबा. त्यांनी वळून शेजारणीला कोरकूत माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं आणि त्यात तो ‘किंग’ आला. मी द्विवचनाचं काहीच विचारलं नव्हतं. आपल्या ‘ते’मध्ये दोघं पण बसतात आणि पन्नास पण, आजींच्या वाक्यात मात्र तुम्ही दोघंच होतात, एवढ्या घरात दोघंच. माझं पेन थांबलं तिथे. बाबा, हे लागलंय हाती.

रेकॉर्डर चालू होता, ते वाक्य आहे माझ्याकडे, आले की ऐकवते. १५ तारखेच्या गाडीचं तिकीट झालंय. आई, तू बाबांना जिना चढू देऊ नकोस, गच्चीतल्या कुंड्या मी आल्यावर बघते.

तुमची,
छोटी