टिकलीएवढा तुकडा जपणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा, सलाम.

आमच्या कलावंतांच्या मंडळाची पहिली वही तुमच्या हातून दुरुस्त होऊन परवा कपाटात परत आली. तुमच्यासमोर धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम उघड.

वही तुमच्याकडे आली तेव्हा तिचं एकदा 'जतन' होऊन गेलेलं होतं. कुणी केलं ते सांगत नाही. फाटींवर सेलोटेप आणि मधली दोन पानं थेट लॅमिनेट! टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो. वरची पट्टी गळून पडते, डाग तेवढा राहतो. लॅमिनेशनचं तर विचारूच नका. वितळलेलं प्लास्टिक एकदा कागदात शिरलं की ते पान सहसा पुन्हा मोकळं होत नाही. ती दोन पानं तुम्ही उलटसुलट करून पाहिलीत आणि गुपचूप बाजूला ठेवलीत. तेवढ्यात आम्हाला कळायचं ते कळलं.

बाकीचा टेप कोमट पातीने उचललात. फाटींना पातळ टिश्यूच्या पट्ट्या लावल्यात, त्याही कात्रीने न कापता ओल्या रेघेवर फाडून, कारण कापलेल्या धारेवर कागद पुन्हा मोडतो. खळ मैद्याची, एकास पाच पाणी, मलमलीतून गाळलेली, त्या दिवसापुरतीच. मोरचूद नाही. कसर लागू नये म्हणून बाइंडर सर्रास घालतात, पण त्यातलं तांबंच पुढे कागद खातं.

पण आभार त्याचे नाहीत. ते त्या तुकड्याचे.

पहिलं पान म्हणजे मंडळाच्या पहिल्या सभेच्या परवानगीच्या अर्जाची नक्कल. निजामाचा अंमल. चित्रकार, फोटोग्राफर, नाटकाचे पडदे रंगवणारे एकत्र बसायचे तरी परवानगी हवी, आणि दफ्तर उर्दूत. खाली तारीख, फसली (निजामाच्या दफ्तरातलं सरकारी साल) १३५६. महिन्याच्या जागी भोक, शेवटचं 'रे' हे अक्षर तेवढं शाबूत. आता 'रे'वर संपणारे फसली महिने एक नाही, पाच: आजूर, इस्फंदार, तीर, शहरेवर, मेहर. आणि सगळं घोडं तिथंच अडतं. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात, आजूरने सुरू होतं. डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१. आजूर असेल तर १९४६, बाकी चारांपैकी कुठलाही असेल तर १९४७. आधीच्या जाणकारांनी महिना न बघताच ५९१ मिळवले, छातीठोकपणे. तीच माणसं जमाखर्चातल्या ३५ हालीचे, म्हणजे निजामी रुपयांचे, ३५ ब्रिटिश रुपये धरून मोकळी झाली होती. सात हालीचे सहा कलदार (ब्रिटिश रुपये), म्हणजे ते तीसच.

टेप सोडवताना त्याच्या मागे चिकटलेला टिकलीएवढा कपटा निघाला. दुसऱ्या कुणी फुंकर मारली असती. तुम्ही पंखा बंद केलात. कपटा ब्रशच्या ओल्या टोकाने उचललात, टिश्यूची पुडी करून वर पेन्सिलीने पान क्रमांक घातलात. शाई नाही, पेन्सिल, कारण पाणी लागलं तर शाई पसरते. तीन आठवड्यांनी त्या भोकात तो बसवून दाखवलात: मद्दवाला अलिफ ('आ') आणि नुक्त्यासकट, म्हणजे वरच्या टिंबासकट, जाल ('ज'). आजूर.

म्हणजे मंडळ १९४६ चं. अमृतमहोत्सव आम्ही २०२२ साली केला, मांडव-बिंडव घालून, चक्क एक वर्ष उशिरा!

मजुरी विचारली तर तुम्ही खळीच्या मैद्याचे पैसे सांगितलेत. याला काय म्हणावं चाचा? लेटरहेडवर 'वारसा' छापणारे बक्कळ आहेत. ज्याचं कुणी बिल मागणार नाही अशा कपट्यासाठी उन्हाळ्यात पंखा बंद करणारं माणूस गावात एखादंच, आणि त्याच्या दारावर पाटी नसते.

आमची पाटी मात्र बदलायला टाकली आहे. खाली उर्दूत 'आजूर १३५६' घालायचं ठरलंय. पेंटर नवा आहे, जालच्या जागी तशाच उच्चाराचं ज़े काढून चुकेल. तेवढं कच्चं रेखाटन एकदा नजरेखालून घाला. आणि जमाखर्चाची दुसरी वही निघाली आहे, तिलाही टेप आहे. कधी आणू?

आपले,
मंडळाचे सगळे सभासद
छत्रपती संभाजीनगर