जिन्यातल्या त्या संध्याकाळीबद्दल

ती. स्व. काकूंना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहीत आहे, कारण समोर आभार मानू लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणून चहाचे आधण ठेवायला उठता.

डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी रोजची ये-जा, अर्धांगवायूनंतर सासूबाईंचे सारे अंथरुणातच करणे, मुलाची दहावी आणि घरातील प्रत्येक बिल, औषध नि निरोप एकटीने लक्षात ठेवणे, हे सर्व वर्षभर रेटल्यावर गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी भाजीची पिशवी घेऊन आपल्या जिन्यात बसले, ती मला उठवेचना. रडूही येत नव्हते. तुम्ही काही न विचारता आत नेलेत आणि मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे निवडायला ठेवलीत.

मेथी निवडून होईपर्यंत तुम्ही जुन्या कॅलेंडरचे एक पाठकोरे पान घेतले होते. डोक्यात असेल ते बोलत जा, असे म्हणून तुम्ही लिहीत गेलात आणि एकतीस कामे निघाली. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न: "हे नाही झालं तर कुणाचं काय अडतं?" माळा आवरणे, पितळेची भांडी घासणे, दिवाळीच्या फराळाचे डबे काहीतरी घालून परत करणे, अशी नऊ कामे तिथेच खोडली गेली. विजेचे बिल आणि गॅसचा नंबर लावणे ह्यांच्या नावावर गेले, रात्रीच्या गोळ्या मुलाच्या. (त्याने पहिल्या आठवड्यात दोनदा विसरून दाखवले, आणि मी ते काम परत घेऊ नये म्हणून तुम्ही मला अक्षरशः दटावलेत.)

सर्वांत मोठा धोंडा होता सासूबाईंच्या निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला. त्यांना खुर्चीतून खाली उतरवून बँकेत न्यायचे कसे, या विचाराने मी पंधरा दिवस झोपले नव्हते. पोस्टात नोकरी केलेल्या तुम्हाला मात्र ठाऊक होते की पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत डिजिटल दाखला करून देतो. ते आले, तेव्हा सासूबाईंच्या बोटांचे झिजलेले ठसे यंत्राने तीनदा नाकारले. मग मोबाइलसमोर चेहरा धरून डोळे मिचकावायचे ठरले आणि पावडर लावून बसलेल्या सासूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

त्याच पानाच्या कडेला तुम्ही १४४१६ हा आकडा लिहिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत असून चोवीस तास मराठीतही बोलता येते, हे मला माहीत नव्हते. डिसेंबरात एका रात्री मी तिथे फोन केला. हे तुम्हाला आज प्रथमच सांगते आहे.

"तू सगळं कसं गं सांभाळतेस" असे कौतुक मला वर्षभर भरपूर मिळाले आणि प्रत्येक वेळी त्याने माझ्या पाठीवर आणखी एक वीट ठेवली. मन शांत ठेव, असेही पुष्कळांनी सांगितले. कागद-पेन घेऊन शेजारी बसलात त्या तुम्ही एकट्याच, आणि त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

तुमचा चकलीचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. तो यादीतून तुम्हीच खोडला होतात, तेव्हा मागायला येऊ नका.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण