मंत्रीसाहेब, पालावरचा माणूस १९६१ चा पुरावा आणणार कुठून?

माननीय इतर मागास बहुजन कल्याण मंत्री साहेब, नमस्कार.

हिवाळी अधिवेशनात तुम्ही नागपूरला याल, मोर्चे निघतील, शिष्टमंडळाला पाच मिनिटं मिळतील आणि निवेदन पीएकडे जाईल. भटक्या जमातीच्या पोरांना जातीचा दाखला का मिळत नाही, हे पाच मिनिटांत सांगून होत नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. मी रिटायर्ड मास्तर आहे, शहराबाहेर भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथजोग्यांची पालं, म्हणजे कापडी झोपड्या, आहेत तिथल्या पोरांचे फॉर्म भरून देतो, अर्ज लिहून देतो.

ही बुद्धी मला बंगाली लेखिका महाश्वेतादेवींमुळे झाली. १९९६ चं ज्ञानपीठ, १९९७ ला मॅगसेसे, वय सत्तरीच्या पुढे, सत्कार घेत घरी बसल्या असत्या तरी कोणी नावं ठेवली नसती. पण फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर नावाचा तरुण पोलिसांच्या ताब्यात मेला, पोलीस म्हणाले त्याने आत्महत्या केली, आणि सबर म्हणजे इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या नावाखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलेले लोक, त्यांचं ऐकतं कोण? बाई ज्या सबर कल्याण समितीचं काम बघायच्या ती समिती थेट कलकत्ता हायकोर्टात गेली. वस्तीतल्या लोकांनी प्रेत जाळलं नव्हतं, पुरून ठेवलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा पोस्टमॉर्टेम होऊ शकलं. कोर्टाने सीबीआय चौकशी लावली, बायकोला भरपाई द्यायला सांगितलं. त्याच वर्षी भाषातज्ज्ञ गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासोबत बाईंनी देशभरातल्या भटक्या-विमुक्तांसाठी संघटना उभी केली. पुढे ऐंशी पार केल्यावर सिंगूर-नंदीग्रामच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी त्या बंगालमधल्या डाव्यांच्या सरकारविरुद्धही रस्त्यावर आल्या, स्वतः डाव्या विचारांच्या असून.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्यांच्या अर्जांची. एवढी मोठी लेखिका पण कोणाची विहीर, कोणाची जमीन, कोणाची मजुरी, यासाठी कलेक्टरला, मंत्र्याला पत्रं लिहीत राहायची. कादंबरी बाजूला पडली तरी चालेल पण अर्ज गेला पाहिजे!

आता आमच्या पालावरचं सांगतो. बारावी पास झालेला एक पोरगा माझ्याकडे प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि आजोबाचं रेशनकार्ड, तेही पावसात भिजून घडीवर फाटलेलं, नाव वाचता येत नाही. त्याला जातीचा दाखला हवा होता. खिडकीवर सांगितलं, २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा आणा. साहेब, त्या साली त्याचा आजोबा गावोगाव भिक्षा मागत फिरत होता, शाळा नाही, सातबारा नाही, कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, नाव नाही, तर पुरावा येणार कुठून? ज्याला सरकारनेच भटकी जमात म्हणून यादीत घातलं त्याच्याकडे एका जागी राहिल्याचा कागद मागायचा, हा कुठला न्याय आहे? पोरगा मला म्हणे, "सर, फी माफी गेली तं कॉलेज करून काय करू जी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि कागद नसणं म्हणजे फक्त स्कॉलरशिप जाणं नाही हो. ज्याची कुठेच नोंद नाही तो गावाला चोर वाटतो. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला डवरी गोसावी समाजाची पाच माणसं पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारली. भिक्षेकरी होती ती. इंग्रजांचा तो गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्यातून सुटका झाली म्हणून दरवर्षी आपण विमुक्त दिन करतो, भाषणं होतात, पण संशय तसाच राहिला आहे.

म्हणून मागणी साधी आहे. पुरावा नसेल तर माणसाला परत पाठवू नका, अधिकाऱ्याला वस्तीवर पाठवा, चौकशी करा, जातपंच, म्हातारी माणसं, आजूबाजूचे गावकरी यांचे जबाब घ्या आणि त्यावर दाखला द्या. शिबिरं लावायची तर ऑफिसात नको, पालावर लावा, आणि पावसाळ्यानंतर लावा कारण त्याआधी अर्धे लोक फिरतीवर असतात. नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर कारण लिहून द्या, तोंडी "होत नाही" हे बंद करा.

अधिवेशनात आम्ही यशवंत स्टेडियमला असू. तुम्हाला यायला जमलं नाही तर अधिकारी पाठवा, पण पहिलं शिबिर कोणत्या तारखेला लागणार ते त्याच्याकडे लिहून द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर