पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढणारी सायकल

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्यात ऑफिसला जायला घ्यायच्या म्हणून तू पाठवलेले तिन्ही सायकलींचे फोटो पाहिले. ‘बाबा, कुठली घेऊ?’ एवढंच खाली लिहिलंयस. फोनवर सांगायला बसलो असतो तर ‘हो हो, कळलं’ म्हणून तू मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून कागदावर लिहितोय.

सायकलीच्या आधी रस्ता बघ. विश्रामबागहून मार्केट यार्डात पेढीवर मी इतकी वर्षं बिनगिअरच्या काळ्या सायकलवर गेलो, त्यात माझ्या पायांचं काही कौतुक नाही. सांगली कृष्णाकाठची, सपाट. चढ म्हणायचा तर रेल्वेचा उड्डाणपूल. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं. सकाळी राजवाड्याकडून पोवई नाक्यापर्यंत जवळजवळ पायडल न मारता उतरशील आणि वाटेल, काय सुंदर सायकल आहे! संध्याकाळी एमआयडीसीतून दमून येशील आणि नाक्यावरून वर चढायला लागशील, तेव्हा कळेल काय घेतलंय ते. आपल्याला सायकल घ्यायची आहे ती त्या संध्याकाळसाठी.

म्हणून दुकानात गेलीस की उकिडवी बस आणि दाते मोज. दुकानदार हसला तर हसू दे. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी, यांचे दाते जितके जवळजवळ सारखे तितका चढ सोपा. माझ्या काळ्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते. पायडलचा एक फेरा मारला की ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीला झकास, चढाला जीव काढते. पुढे 28 आणि मागे 28 असे दाते मिळाले तर त्याच एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच सरकेल, म्हणजे हळू जाईल पण उतरून ढकलावी लागणार नाही. तुझ्या दुसऱ्या फोटोतल्या सायकलला पुढे एकच चकती दिसते. तशीच आवडली तर मागची मोठी चकती निदान 34 दात्यांची आहे का ते बघ, 28 ची असेल तर सोडून दे. बाकी ‘21 गिअर’ हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नकोस. त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच असतात, आणि लहानाला लहान, मोठ्याला मोठी अशी तिरकी चेन चालवायची नसतेच. तुला लागणार चार-पाच.

पहिल्या फोटोत पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला स्प्रिंग आहे. त्याचं तुला फार आकर्षण दिसतंय. या किमतीतला स्प्रिंगचा चिमटा म्हणजे जास्तीचं वजन. चढावर जोर लावलास की तोच खाली-वर होतो आणि तुझा जोर खातो. खड्ड्यांसाठी त्यापेक्षा टायर जाड घे. हायब्रिडला, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरातल्या सायकलीच्या मधल्या प्रकाराला, 700 मापाचं चाक असतं आणि टायर साधारण 32 ते 42 मिलिमीटर रुंदीचे येतात, त्यातला 38-40 चा बघ. हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यांच्या आत ठेव, टच्च फुगवू नकोस. डोंगरातल्या सायकलीसारखे गाठीगाठींचे टायर तर अजिबात नकोत, डांबरावर नुसते घरघरतात.

ब्रेकबद्दल तुझं आणि माझं जमणार नाही हे माहीत आहे. तुला डिस्क हवी. डिस्क पावसात चांगली धरते, मान्य. पण स्वस्तातली, तारेने ओढली जाणारी डिस्क जरा वाकली की घासत राहते आणि ती नीट लावणारा फिटर प्रत्येक चौकात बसलेला नसतो. रिमवर धरणाऱ्या ब्रेकचं रबर कुठेही मिळतं, पाना असला तर तू स्वतः बदलशील. तू आठवड्यातून दोन दिवस सायकल काढणार, मुसळधार पावसात कंपनीच्या बसनेच जाणार. मग डिस्कचे पैसे कशाला?

ते पैसे दुसरीकडे लागणार आहेत. दुकानात सांगतात ती किंमत नुसत्या सायकलची. मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, कधी कधी स्टँडही नसतो. पावसाळ्यात मडगार्डशिवाय ऑफिसला गेलीस तर पाठीवर चिखलाची रांगोळी घेऊन मीटिंगला बसशील. मागचा लाल दिवा आणि दणकट कुलूप हवंच. तेव्हा तू ठरवलेल्या वीस हजारांतले तीनेक हजार बाजूला काढ आणि उरलेल्यात सायकल बसव. मागच्या चाकापाशी फ्रेमला कॅरिअर कसायची भोकं आहेत का ते घ्यायच्या आधी बघ. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला बांध. चढावर पाठ घामाने भिजते.

मुनीमगिरी केलेला माणूस आहे, बिलाचं सांगतोच. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. दुकानात आधीचा माल असेल आणि त्यावर 18,000 छापलेले असतील, तर नव्या दराने तीच सायकल 16,875 ला बसते. शांतपणे विचार. बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घे.

मापाचं मात्र गमतीवारी नेऊ नकोस. तुझ्या उंचीला लहान फ्रेमच लागेल. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभी राहा, मध्ये दोन बोटं तरी जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेव. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला की सीट बरोबर. तू लहानपणापासून सीट खाली घेऊन चालवतेस, त्याने गुडघे धरतात. आणि दुकानाच्या दारात गोल फिरवून ‘छान आहे’ म्हणू नकोस, चढावर नेऊन बघ. नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान.

ऑनलाइन दोन हजार कमी पडतात असं तू म्हणालीस. खोक्यातून अर्धी जोडलेली सायकल येते आणि उरलेली घरी जोडावी लागते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे आपल्या शेजारच्या पोराला माहीत नव्हतं. त्याने जोर लावून पायडल कसलं, आटे गेले, आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, नवी घ्यावी लागली. शिवाय नव्या सायकलच्या तारा महिन्याभरात सैल पडून गिअर उड्या मारायला लागतात. तेव्हा जवळचा दुकानदार उपयोगी पडतो.

रोज न चालवलेल्या सायकलची हवा आपोआप उतरते, हे ध्यानात ठेव. काढायच्या आदल्या रात्री टायर अंगठ्याने दाबून बघ, सकाळी घाईत कळून उपयोग नाही. भिजली तर चेन पुसून तेलाचे थेंब सोड. सायकलचंच तेल, आईच्या स्वयंपाकघरातलं नव्हे.

जाताना पोवई नाक्याखालच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे भुयारी रस्त्यात, शिरू नकोस, वरच्या रस्त्याने जा. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात महामार्गाच्या पुलाखाली ट्रक कुठूनही वळतात, तिथे खुशाल उतरून चालत जा.

या सगळ्यात मला तिसरी, बिनस्प्रिंगची राखाडी सायकल बरी वाटते. दात्यांचे आकडे तेवढे कळव.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते ओढणी घेऊन बसू नकोस. बरोबर आहे तिचं. या सायकलींना चेनकव्हर नसतं. पँटचा उजवा पायही खाली दुमडून घेत जा.