पुठ्ठ्यावर लिहून बोलणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. ते पीपीई किटच्या पाठीवर मार्करनं लिहिलेलं असायचं म्हणे, पण तुम्ही आबांशी नेहमी समोर उभं राहून बोललात, त्यामुळे त्यांनाही ते वाचता आलं नाही. एप्रिल 2021 च्या शेवटी पुण्यात सीओईपी कॉलेजच्या मैदानावरच्या जंबो कोविड रुग्णालयात, ऑक्सिजनच्या वॉर्डात, अजिबात ऐकू न येणारे एक म्हातारे गृहस्थ होते. आठवत असतील, तर मी त्यांची मुलगी. आबा घरी आलेत, बरे आहेत, म्हणून हे पत्र.

आबांची उभी नोकरी खडकीत, यंत्रांच्या घरघराटात गेली. निवृत्तीच्या आधीच कान गेले होते. मशीन लावलं की थोडंफार कळतं, बाकी सगळं समोरच्याच्या ओठांवरून. गेल्या वर्षी सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले आणि आबांचं जग तिथंच बंद झालं. दूधवाला, औषधवाला, बँकेतला माणूस, कुणाचंच बोलणं त्यांना कळेना. त्यात या एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन' म्हणून दुकानं बंद झाली. किराणा मिळत होता, औषधं मिळत होती, पण कानाच्या मशीनचे सेल जिथून आणायचो ते दुकान बंद. शेवटचा सेल संपला त्याच आठवड्यात आबांना ताप आला.

तुमच्याकडे येण्याआधी ते एका खाजगी दवाखान्यात होते. त्याचं नाव घेत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या कागदावर 'पेशंट गोंधळलेला, सहकार्य करत नाही' असं लिहिलं होतं. आबा कानाला हात लावून दाखवत होते, ते एकाही माणसानं पाहिलं नाही. मी फोनवर कळवळून सांगितलं, 'त्यांना ऐकू येत नाही हो, कागदावर लिहून विचारा.' उत्तर आलं, 'मॅडम, इथे एवढा वेळ कुणाला आहे?' अनामत रकमेचा आकडा सांगायला मात्र वेळ होता. ऑक्सिजन संपत आलाय, पेशंट हलवा, हेही भर रात्री त्यांनीच सांगितलं. त्या दिवसांत ऑक्सिजन सगळीकडेच कमी होता, विशाखापट्टणमहून रेल्वेनं टँकर येत होते. त्याचा राग नाही. माणसाकडे मान वर करून बघायला ऑक्सिजन लागत नाही, राग त्याचा आहे.

जंबोत बेड कसा मिळाला, ते सांगत बसत नाही. मी संचेती चौकाच्या बाजूला फुटपाथवर उभी असायचे. बाकीच्यांचे नातेवाईक आत व्हिडिओ कॉल करायचे. मी कुणाला कॉल करणार? स्क्रीनवर आबांचा मास्क दिसायचा आणि 'ऐकू येत नाही' म्हणून हलणारा हात दिसायचा, बस.

आणि मग आबांच्याच फोनवरून तो फोटो आला. सलाइनच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा, त्यावर काळ्या मार्करनं ठसठशीत अक्षरं: 'बाबा, पोटावर झोपा. पाठीकडच्या फुफ्फुसाला हवा मिळते. डॉक्टर रागावले नाहीत, मास्कमुळे मोठ्याने बोलतात.'

दादा, शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पालथं झोपायला सांगणं ही तुमची ड्युटी होती. पण समोरचा माणूस आपल्यावर खेकसतोय, असं वाटून म्हातारा घाबरलाय, हे तुमच्या लक्षात आलं. ते लक्षात येऊन तुम्ही पुठ्ठा शोधलात, तो फाडलात, दोन-दोन हातमोजे घातलेल्या हातांनी सावकाश लिहिलंत. आबा पालथे झोपले. 90 च्या खाली अडकलेला ऑक्सिजन हळूहळू वर सरकला. औषधं होती, डॉक्टर होते, सिस्टर होत्या, त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण आबा म्हणतात, 'त्या पुठ्ठ्यानं मला माणसात आणलं.'

पुढे तो रोजचा रिवाजच झाला म्हणे. 'मुलगी बाहेर उभी आहे.' 'आज वरण-भात आहे, दोन घास तरी खा.' 'शेजारचे काका घरी गेले, घाबरू नका.' आबा खाली पेननं उत्तर लिहायचे. त्यातच कधीतरी तुम्ही लिहिलंत, की गावी तुमची आई एकटी आहे, तिलाही ताप आहे आणि तुम्हाला जाता येत नाही. आबांनी विचारलं म्हणून लिहिलंत, नाहीतर बोलला नसता. एप्रिलच्या उन्हाळ्यात त्या किटमध्ये तासन् तास, पाणी न पिता उभं राहायचं, मनात आईची काळजी, आणि तरी दुसऱ्याच्या बापासाठी नीट अक्षर काढायचं!

या दीड वर्षात वाईट माणसं पाहिली तशी चांगलीही पाहिली. रिक्षातून पेशंट पोचवणारे पाहिले. ओळख ना पाळख, दारात डबा ठेवून जाणाऱ्या काकू पाहिल्या. आमच्याच सोसायटीत आबा पॉझिटिव्ह आल्यावर आमच्या मजल्यावरची लिफ्ट बंद करणारे होते, आणि चार जिने चढून दूध आणून देणारा कॉलेजचा मुलगाही होता. त्या लोकांकडे काही जास्त नव्हतं. समोरच्याचं काय होत असेल, एवढा विचार ते करत होते.

जूनमध्ये दुकानं उघडली, सेल आणले. लशीच्या दुसऱ्या डोसला, 2021 च्या सध्याच्या नियमानं, बरं झाल्यापासून तीन महिने थांबायचंय. त्या केंद्रावर मी सोबत जाईनच, तरी आबांनी आतापासूनच एक जाड पुठ्ठा आणि मार्कर पिशवीत घालून ठेवलाय.

त्यांचा नंबर तुमच्याकडे नसेल, पण जंबोत आबांच्या कागदांवर माझा आहे. तुमची आई कशी आहे, हे ते रोज विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. तेवढं कळवा.

तुमची,
आबांची मुलगी